कप येईपर्यंत सोडलं

ये गो सुमे, जवळ बस. तिथं उंबऱ्यावर काय टेकतेस पाहुण्यासारखी? आणि तो मोबाइल ठेव बाजूला. एसटीला अजून वेळ आहे, कल्याणला जाऊन बघ हवा तेवढा. वर्षातून एकदा येतेस, तेही कुणाच्या तरी लग्नाला जाता जाता. आणि आल्या आल्या विचारलंस काय? "आत्या, तो अनवाणी फिरणारा येडा म्हातारा अजून आहे का गं?" मला नाही आवडलं हो ते. एवढी शिकलीस, नोकरी करतेस, आणि माणसाला असं एका शब्दात उडवून टाकतेस? बारकूदादा म्हणतात त्याला. त्याच्यापायी या पाड्याने दोन सालांत जे पाहिलं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. चहा घे आणि नीट ऐक.

त्याचं घर आमच्या समोर. मधे अंगण, अर्धं त्यांचं, अर्धं आमचं, कोंबड्या मात्र कुणाच्या कुठल्या ते कोंबड्यांनाच माहीत. माणूस उंच, किडकिडीत, बोलायला लागला की मानेच्या शिरा ताठ होतात, कारण हळू बोलणं त्याला ठाऊकच नाही. त्याची बायको यशोदा म्हणते, "ह्यांनी माझ्या कानात काय सांगितलं, तर ते धसईच्या बाजारात आधी कळतं, मला मागून." शेती चांगली करतो, हात चालतो, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही. पण डोक्यात एकच. रस्त्यात कुणी भेटलं की रामराम नाही, कसं काय नाही. हात वर करायचा आणि म्हणायचं, "औंदा नक्की!" नव्या माणसाला वाटायचं, यांच्या घरात लग्न ठरलंय. मी एकदा सहज विचारलं, "दादा, भात कसं झालंय?" तर म्हणतो, "भात होईल हो वैनी, भाताला काय झालंय? आपली डावी बाजू कच्ची हाय, तिचं काय?"

डावी बाजू म्हणजे फुटबॉलची. आपल्याकडं बाकी सगळीकडं क्रिकेट नाहीतर कबड्डी, आमच्या पाड्यात मात्र फुटबॉल. पोरं आश्रमशाळेत शिकत होती, तिथल्या एका सरांनी त्यांना हा नाद लावला, आणि सुट्टीला घरी आली ती बॉल घेऊनच. टीमचं नाव ठेवलं रानपाखरं. भातं झोडून झाली की ओढ्याकडची मोठी खाचरं मोकळी होतात. मधले बांध फोडायचे, धसकटं काढायची, आणि खळं चोपतो तशी सगळ्यांनी मिळून जमीन चोपायची. आम्ही बायकासुद्धा जातो. बांबूचे गोलपोस्ट उभे करायचे, मागं मासे धरायचं जुनं जाळं बांधायचं, झालं ग्राउंड. ज्यांची खाचरं आहेत ते त्यात वाल पेरत नाहीत; कुरकुर करतात, पण पेरत नाहीत. तिथून होळीपर्यंत मॅचच मॅच, आणि शेवटी एक मोठा कप. मुरबाडकडच्या, शहापूरकडच्या सगळ्या टीमा त्यात उतरतात. तो कप आमच्याकडे कधी आला नव्हता.

सीझन सुरू व्हायच्या आधी ग्राउंडवर नारळ फोडतात. फोडतात आमचे धर्मातात्या, पाड्यातले सगळ्यांत मोठे. सगळा पाडा गोळा होतो, आणि जो तो बोलून घेतो, औंदा गोलकीपर चांगला आहे, औंदा त्यांचा अमका नोकरीला गेला, औंदा आपलं जमेल. अशाच एका नारळाच्या वेळी बारकूदादा पुढं आला आणि म्हणाला, "कप येईपर्यंत मी चहा सोडला."

हे त्याने उचललं आईकडून. म्हातारी काशीला जाऊन आली तेव्हा रीतीप्रमाणे आवडती वस्तू सोडायची म्हणून तिने फणस सोडला होता. दारात झाड, घरभर वास, पण मरेपर्यंत तिने गरा तोंडाला लावला नाही. बारकूदादाने ते बघितलेलं. काशी त्याला घडली नाही, पण सोडणं तेवढं मनात राहिलं.

चहा म्हणजे त्याचा जीव. बशीत ओतून, फुंकर घालून, डोळे मिटून प्यायचा. लोक हसले, म्हणाले, आठ दिवस काढतो का बघू. त्याने साल काढलं. रानपाखरं सेमीफायनलला हरली. पुढच्या नारळाला धर्मातात्या म्हणाले, "बारकू, झालं ना आता? पी चहा." तर हा म्हणतो, "कप आला काय?"

"नाय आला."

"मंग कसा पिऊ?" आणि वर म्हणाला, "देवाला वाटलं आसंल, चहा म्हंजे काय, रंगीत पाणी. औंदा सुकं म्हावरं बी सोडलं."

असं ते वाढत गेलं बघ. हरले की आधीचं सोडलेलं तसंच, आणि त्यावर नवीन. सुकी मासळी गेली, पायातल्या चपला गेल्या, म्हसा गावची जत्रा गेली, मऊ उशी गेली. आणि त्याचा नेम असा की जे खरंच आवडतं तेच सोडायचं. एकदा कुणीतरी सुचवलं, कारलं सोडा दादा, तर तो असा रागावला की दोन दिवस त्या माणसाशी बोलला नाही. यशोदा माझ्याजवळ येऊन हसायची. "आवडतं तेच सोडतात ना अक्का? मंग माझा नंबर लागंल म्हणून मी दर साली वाट बघत्ये. अजून नाय लागला." हसायची, पण हसून झाल्यावर उगाच चुलीतली लाकडं पुढंमागं करत बसायची.

तिला स्वतःला सुके बोंबील खाल्ल्याशिवाय जेवण जात नाही. घरात भाजले तर वासाने त्याच्या डोळ्यांना पाणी येतं, म्हणून ती माझ्या चुलीवर भाजायला यायची. तो अंगणात दोरी वळत बसलेला. एकदा वारा फिरला.

"वैनी, वारा आज कुठनं हाय?"

"माझ्या चुलीकडनं."

तो उठला, दोरी घेऊन घराच्या मागं गेला. थोड्या वेळाने वाराही मागं गेला. मग तो गोठ्याच्या बाजूला. वारा तिकडं. संध्याकाळपर्यंत त्या माणसाने दोरीसकट आख्ख्या घराला फेरी घातली, आणि आम्ही दोघी आत पदर तोंडात कोंबून बसलेलो.

त्यांच्या मनीषाचं लग्न आठवतं तुला? नाही, तू नव्हतीस, पोरांची परीक्षा होती तुझ्या. सापगावला दिली तिला. मुलीचा बाप मांडवात अनवाणी. व्याह्यांकडच्या एका काकांना वाटलं, गरिबी असेल. भले गृहस्थ ते, शहापूरला कुणालातरी पाठवून नव्या चपला आणवल्या आणि याच्या पायाशी ठेवल्या. याने त्या कपाळाला लावल्या आणि पिशवीत घातल्या.

"घाला की व्याही."

"घालीन. कप आला की."

"कसला कप?"

झालं! विचारायला नको होतं. याने पानसुपारीचं तबक ओढलं. विडे म्हणजे आपली टीम, सुपाऱ्या म्हणजे समोरची, आणि एक लवंग म्हणजे बॉल. भटजी तिकडून हाका मारतायत, "मुलीचे वडील, मुलीचे वडील!" आणि मुलीचे वडील दहा-पंधरा वऱ्हाडी भोवती घेऊन सांगतायत, पेनल्टी कशी चुकली. मनीषा अंतरपाटामागून ओरडली, "बाबा, आज तरी!" वऱ्हाड निघताना ती रडायला लागली. हा तिच्या कानाशी वाकला, काहीतरी समजुतीचं सांगायला. मांडवातल्या सगळ्यांना ऐकू गेलं, "रडू नको पोरी, औंदा नक्की."

मॅचला त्याची जागा ओढ्याकडचा कोपरा. कधी बसला नाही. आणि शिव्या समोरच्या टीमला नाही द्यायचा, आपल्याच पोरांना. कॅप्टन हरेश, काळासावळा, लाजरा पोरगा, बॉल पायात आला की विचार करत थांबायचा. कोपऱ्यातून आवाज यायचा, "हरेश! मार लाथ! बॉल हाय तो, सासरा नाय तुझा!" समोरची टीमसुद्धा हसायची. हरेश मला म्हणाला होता एकदा, "आत्या, दादाचा आवाज आला ना, की पाय आपसूक उचलतो. मी नाय मारत, तोच मारतो."

आता ऐक, मागच्या सालचं सांगते. टीम अशी झाली होती की खुद्द धर्मातात्या, जे नेहमी बघू म्हणतात, ते नक्की म्हणायला लागले. नारळाच्या दिवशी पोरांची पैज लागलेली, बारकूदादा आता काय सोडतो. कुणी म्हणे भात, कुणी म्हणे अंथरूण. उरलंच काय होतं त्याच्याकडं? तो पुढं आला. आम्ही सगळे हसायच्या तयारीत.

म्हणाला, "मी मॅच सोडली."

कुणाला कळलंच नाही. मग म्हणाला, "कप येईपर्यंत मॅच बघणार नाय. ग्राउंडवर पाय नाय ठेवणार."

धर्मातात्यांच्या हातात नारळ तसाच. हरेश पुढं धावला, "दादा, असं नका करू. मागं घ्या. तुमी नाय तर आमी खेळायचं कसं?" तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "आता यापरीस आवडतं कायच नाय राहिलं रे." आणि पाठ फिरवून चालायला लागला. मी यशोदाकडं बघितलं. ती मातीत बसली होती. मला म्हणाली, "जेवण सोडलं असतं तरी चाललं असतं अक्का. हा माणूस आता करंल काय?"

काय करणार? मॅच असली की सकाळीच निघायचा. कधी मनीषाकडं सापगावला जाऊन बसायचा, कधी डोंगरात लाकडांना. घरात राहिला तर ओरडा ऐकू येतो ना. परत आल्यावर कुणाला विचारायचा नाही, जिंकलो का हरलो. चेहरे बघून ओळखायचा. आणि चेहरे, सुमे, दर वेळी हसरे. रानपाखरं जिंकतच गेली.

फायनल शहापूरच्या बाजूला होती. टेम्पो भरून सगळा पाडा गेला, यशोदासुद्धा. माझा गुडघा सुजला म्हणून मी राहिले, आणि तो राहिला. दुपारभर अंगणात एकच सूप घेऊन, तेच तांदूळ पाखडत. निवडलेले तांदूळ! मग माझा फोन वाजला. यशोदा किंचाळत होती, मागं ताशे. "अक्का, आला! कप आला! सांगा त्यांना!"

मी सांगितलं. वाटलं, आता ओरडेल, डोंगर हलेल. तो उभा होता तो खाली बसला. मग म्हणाला, "गोल कुणी मारला?"

"हरेशने."

"कुठल्या पायानं?"

मला काय माहीत गो कुठल्या पायानं? त्याचं तोंड असं झालं होतं, जसं कुणी त्याचंच काहीतरी नेलंय.

संध्याकाळी गुलाल उधळत पोरं आली, कप त्याच्या मांडीवर ठेवला. यशोदाने चहा दिला, साखर दोन चमचे जास्त. दोन घोट घेतले आणि उठून बाहेर जाऊन ओकला. सवयच राहिली नाही पोटाला. व्याह्यांनी दिलेल्या चपला पिशवीतून काढल्या, तर पाय आत जाईना. इतकी वर्षं उघडे चालून पंजे पसरले होते. धसईच्या बाजारात जाऊन बघितलं, एक जोड बसेना. माणसाने सोडलेलं सगळं परत आलं, पण त्याच्यातलं त्याला काही घेता येईना. मी तर हादरूनच गेले.

आणि तो गोल! ज्याला त्याला विचारायचा. एक म्हणे डाव्या पायाने, दुसरा म्हणे उजव्या, यशोदा म्हणते डोक्याने. मोबाइलवर शूटिंग केलेलं होतं ना पोरांनी. मोठ्या उत्साहाने दाखवायला बसले. बॉल हरेशकडं येतो, हरेश वळतो, आणि शूटिंग करणारा स्वतःच उडी मारतो. मग नुसतं आभाळ, आणि कुणाचा तरी कान. शेवटी हरेशलाच धरलं. तो बिचारा म्हणतो, "मला नाय आठवत दादा. माझे डोळे मिटलेले होते."

म्हणजे बघ, जो गोल बघण्यासाठी हा माणूस जगला, तो झाला, आणि याला तो दाखवणारं जगात कुणी नाही.

तरी हे काहीच नाही. खरा धक्का तर परवा बसला मला. या सालचा नारळ होता. ग्राउंड झालं, जाळं बांधलं. बारकूदादा सगळ्यांत आधी येऊन उभा. आंघोळ करून, मनीषाने दिलेला नवा सदरा घालून. आता त्याच्यावर कसला नेम नव्हता, मोकळा होता तो. धर्मातात्या नारळ घेऊन उठले, पण फोडेनात. मग हात जोडून म्हणाले, "बारकू, एक मागणं हाय समद्यांचं. औंदा बी मॅच सोड."

मला वाटलं, थट्टा करतात. पण कुणी हसेना.

"तू नव्हतास म्हणून कप आला रे. इतकी सालं तू होतास, आला काय? तूच बघ विचार करून."

सुमे, हीच माणसं गो! ज्याच्या आवाजाशिवाय यांची मॅच सुरू होत नव्हती. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते, सगळ्यांचे डोळे जमिनीत. बारकूदादा हरेशकडं वळला. हरेश बुटाने माती उकरत होता. म्हणाला, "दादा, पोरं म्हणतात तसं... मला काय बोलता येत नाय." आणि खरं सांगू? माझ्याही मनात आलं, की लोकांचं खरं असेल तर?

यशोदा पुढं झाली. "ह्यांनी काय सोडायचं ठेवलंय? आता तुमी सोडा की काय तरी एकेक जण!" तिला त्याने हाताने थांबवलं. आणि हा माणूस, जन्मात कधी हळू न बोललेला, इतका हळू बोलला की मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

"मी येणार."

"आनि हरलो तर?" धर्मातात्या म्हणाले.

"हरलो तर हरताना बघीन. माझ्यापायी हरलो म्हणा, मी नाय बोलणार काय. पण बघणार."

नारळाआधी हरायची भाषा! कुणीतरी कानांवर हात ठेवले. बायकांत कुजबुज झाली, "याला कप नको झाला काय?" नारळ फुटला, पण प्रसाद घेताना सगळे त्याच्यापासून लांबून गेले. त्याच्या पुढ्यात तबक थांबलंच नाही.

काल प्रॅक्टिस होती. मी मुद्दाम काठी टेकत गेले बघायला. तो आपल्या कोपऱ्यात उभा, आजूबाजूला कुणी नाही. पोरं त्या बाजूला बॉलच जाऊ देत नव्हती. तरी एकदा गेला घरंगळत. याने पायाने अडवला. हरेश घ्यायला आला आणि चार हातांवर थांबला. मग हरेश म्हणाला, "मारा ना दादा."

बारकूदादाने एकदा बॉलकडं बघितलं, एकदा पोरांकडं, आणि मारला. बॉल गेला ओढ्यात! तेव्हा माझ्या ध्यानात आलं गो, की इतकी वर्षं या माणसाने बॉलला कधी पाय लावलाच नव्हता. हरेश तोंडावर हात धरून हसायला लागला, आणि हा स्वतः, मानेच्या शिरा ताणून, असा हसला की लांबची पोरंसुद्धा वळून बघायला लागली. मग दोघं मिळून ओढ्यात उतरले. मी परत फिरले तेव्हा ते पाण्यात बॉल शोधत होते.

रविवारी पहिली मॅच आहे. जिंकले तर ठीक. पण आपल्यावर एक जरी गोल झाला ना, तर आख्खं ग्राउंड बॉलकडं नाही, त्या कोपऱ्याकडं वळून बघेल. तिथं त्याच्याजवळ यशोदा असेल आणि काठी घेऊन मी. दोन म्हाताऱ्या त्याला किती झाकणार? ऊठ, एसटी गाठ आता. पण रविवारी ये गो सुमे. पोरांना आण, नवऱ्याला आण, तुझ्या ऑफिसातल्या कुणाला फुटबॉलचं वेड असेल तर त्यांनाही आण, जेवण मी घालते सगळ्यांना. फुटबॉल नाही कळला तरी चालेल. नुसतं येऊन त्या कोपऱ्यात उभी राहा.